एका कंदाची लिली

गल्लीत त्यांना सगळे कवळीवाले म्हणत. घराच्या पुढच्या खोलीत त्यांचं काम चाले. बशांमध्ये गुलाबी मेण, खिडकीत वाळत ठेवलेले प्लास्टरचे जबडे, डब्यांत रंगानुसार लावलेले दात. दंतवैद्य मापं पाठवत, हे कवळ्या करून देत. बोलायचं खातं बायकोकडे होतं. "हे लोकांची तोंडं दुरुस्त करतात, पण स्वतःचं काही उघडत नाहीत," असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला हसत सांगे.

तिची एक लिली होती. पांढरी, प्लास्टर कालवायच्या जुन्या घमेल्यात लावलेली. उन्हाळ्याच्या तोंडाला एकच दांडा वर यायचा आणि त्याला मोजकीच, पण तळहाताएवढी फुलं लागायची. एका हिवाळ्यात बायको न्यूमोनियाने गेली. बघता बघता गेली. कवळीवाले लगेच कामाला बसले. त्यांना रडताना कुणी पाहिलं नाही.

पुढे घमेलं गंजून फुटलं, म्हणून त्यांनी लिली उपसली. माती धुतली आणि हातातला कंद बघून ते थबकले. पांढरे, टोकदार, जाड खवले एकमेकांना घट्ट बिलगून बसलेले. अगदी दातच.

रोपं विकणाऱ्या माळ्याला त्यांनी कंद दाखवला. तो म्हणाला, "यातला एकेक खवला सोडवा आणि ओल्या भुशात, उबेला ठेवा. प्रत्येकाचं वेगळं झाड होईल. म्हणजे वेगळं कसलं, झाड तेच. बी थोडंच आहे हे? तिच्याच अंगाचा तुकडा."

कवळीवाल्यांनी चिमट्याने खवले सोडवले, मधला गाभा तेवढा राखला. भुशाची पिशवी बायकोच्या कपड्यांच्या कपाटात ठेवली, कारण घरात ऊब होती ती तिथेच. काही आठवड्यांनी प्रत्येक खवल्याच्या बुडाशी मोत्याएवढा नवा कंद धरला होता. "आले गं दुधाचे दात!" ते रिकाम्या घरात मोठ्याने म्हणाले, आणि ती गेल्यापासून पहिल्यांदाच हसले.

एवढी रोपं घरात कुठे ठेवणार? त्यांनी ती वाटून टाकली. समोरच्या शिंपीणबाईंना एक, बेकरीवाल्याला एक, शाळेतल्या बाईंना एक, आणि शहराच्या दुसऱ्या टोकाला राहणाऱ्या धाकट्या मेहुणीला एक. गाभ्याचं झाड त्यांनी आपल्या अंगणात कुंडीत लावलं. दोन उन्हाळे नुसती पानं आली.

तिसऱ्या उन्हाळ्यात सगळीकडे एकाच सकाळी फुलं उमलली. बेकरीत भट्टीची धग, बाईंच्या गॅलरीत उन्हाचा पत्ता नाही, पण दिवस तोच. गल्लीत आधी कौतुकच झालं. मग शाळेतल्या बाई जरा अवघडून म्हणाल्या, "काका, माझ्या कुंडीतली फुलं तुमच्या घराकडे तोंड करून आहेत. मी कुंडी फिरवली, तर सकाळी परत इकडेच."

"उजेडाकडे वळत असतील."

"उजेड पलीकडून येतो, काका."

त्यानंतर बेकरीवाल्याने गल्ल्यावर ठेवायला एक फूल कापलं. सगळ्यात खालचं, तिरकी सुरी मारून. त्या वेळी कवळीवाले दारात बसून कवळीचा एक दात घासत होते. अंगणातल्या कुंडीतलं खालचं फूल आवाज न करता जमिनीवर पडलं. वारा नव्हता. त्यांनी वाकून पाहिलं. देठ ओला होता आणि तिरका कापलेला होता.

तेवढ्यात शिंपीणबाई रस्ता ओलांडून आल्या. त्यांच्या मुठीत अजून कात्री होती. "शपथ घेऊन सांगते, मी झाडाला हात लावलेला नाही. मी बाही कापत होते!"

घरात फोन वाजत होता. मेहुणी होती. "भावोजी, फूल कुणीतरी कापल्यासारखं पडलंय. घरात मी एकटीच आहे हो."

त्यानंतर कुंड्या परत यायला लागल्या. खरं कारण कुणी तोंडावर सांगेना. शिंपीणबाई म्हणाल्या, "लिली मांजरांना विषारी असते म्हणे." त्यांच्याकडे मांजर कधीच नव्हतं. बेकरीवाल्याने तर कुंडीवर पाव ठेवून दिला, जणू रुसवा काढायचा होता. मेहुणी शेवटी आली, बसमधून, कुंडी मांडीवर घेऊन. खाली ठेवताना पुटपुटली, "झालं, आलीस बाई घरी."

कवळीवाल्यांनी ते ऐकलं. फुलं सरली, पानं पिवळी पडली, तेव्हा त्यांनी अंगणात भिंतीलगत एक वाफा खणला आणि सगळे कंद वीतभर अंतर सोडून लावले, गाभ्याचा कंद मधोमध.

पुढच्या वर्षी मात्र एकच कोंब वर आला. मधला. मनगटाएवढा जाड. बाकीचे कुजले असतील, असं समजून त्यांनी खुरप्याने कडेची माती उकरली. तिथे काहीच नव्हतं. कुजका खवला नाही, मुळाचा धागा नाही. नुसती भुसभुशीत माती, आणि तिच्यात मध्याकडे गेलेली बोटभर रुंदीची बिळं, आतून गुळगुळीत. ते बिळांच्या मागे उकरत गेले. मध्यभागी नारळाएवढा कंद होता. उभा जन्म दातांची जुळणी करण्यात गेलेल्या माणसाने त्यावरून बोट फिरवलं. खवल्याला खवला असा बसला होता की नख शिरेना. आणि कंद कोमट होता.

त्यांनी माती जशीच्या तशी लोटली, हात धुतले आणि अर्धवट राहिलेली कवळी पुरी केली. त्यानंतर ते बरीच वर्षं जगले. दर उन्हाळ्यात वाफ्यात एकच दांडा यायचा, आणि सगळी फुलं कामाच्या खोलीच्या खिडकीकडे बघत असायची. शिंपीणबाईंनी समोरच्या खिडकीला जाड पडदा शिवून लावला. माळी एकदा खवला मागायला आला, त्याला त्यांनी फाटकातूनच परत पाठवलं.

मेहुणी अधूनमधून यायची, पण अंगणाकडे पाठ करून बसायची. एकदा चहा घेताना तिने विचारलंच, "भावोजी, तुम्हाला भीती नाही वाटत?"

"वाटते की," कवळीवाले म्हणाले. "म्हणून तर एक दिवस पाणी चुकवत नाही."