रिकामं नव्हे, गैरहजर

मंडळी, आज आमच्या दिंडोशीच्या सोसायटीची सभा थोडक्यात वाचली.

पुनर्विकासाच्या सभेसाठी सभासदांची यादी बाराच्या आत फलकावर लागायला हवी होती, नाहीतर सभा महिनाभर पुढे. यादीचा प्रोग्राम मी लिहिला, कारण कमिटीत "मला येतं" म्हणण्याचा मूर्खपणा मीच केला होता. ज्यांनी फोन नंबर दिला नव्हता, त्यांच्या नावापाशी तो बंद पडायचा.

प्रोग्रामसाठी वापरलेल्या तयार कोडच्या लायब्ररीच्या डॉक्युमेंटेशनमध्ये, म्हणजे तिच्या माहितीपुस्तिकेत, 'ब्लँक' शोधलं, 'एम्प्टी' शोधलं. भलतंच काहीतरी यायचं. साडेअकरा वाजले, वाट लागली.

शेजारचे सावंतकाका चहा पीत बसले होते. पूर्वी गिरणीत हजेरी घ्यायचे.

"काय शोधतंस रे मेल्या?"

"रिकामे रकाने, काका."

"आमच्या हजेरीपटात रकानो रिकामो नसायचो. माणूस गैरहजर असायचो!"

गैरहजर, म्हणजे इंग्रजीत 'मिसिंग'! मी तेच टाकलं. पहिल्याच पानावर उपाय! बाराला दहा कमी असताना यादी लागली. हुश्श!

त्याआधी तासभर मी लायब्ररी लिहिणाऱ्यांना शिव्या घातल्या होत्या. त्यांनी सगळं नीट लिहिलं होतं, फक्त रिकाम्या रकान्याचं नाव मला न विचारता ठेवलं होतं. अशा वेळी तुम्ही आपला शब्द सोडता, की माझ्यासारखे सर्चच्या चौकटीशी भांडत बसता?