मेयोतल्या एका गावात, लेकीला परत आणायला

सिंगापूरहून आयर्लंडला कोण फिरायला जातं, असं ऑफिसात तिघांनी विचारलं. मी समुद्र, कुरणं वगैरे सांगून वेळ मारून नेली. इथे खरं लिहायला हरकत नाही: मी लेकीला परत आणायला निघाले होते. इरा फिजिओथेरपिस्ट आहे. डब्लिनला शिकायला गेली आणि पश्चिमेकडच्या काउंटी मेयोत, एकच मोठा रस्ता असलेल्या गावात नोकरी धरून बसली. मी सिंगापुरात, नोव्हेना भागातल्या एका क्लिनिकमध्ये अकाउंट्स बघते. आमच्याच इमारतीत, दोन मजले वर, फिजिओची जागा रिकामी झाली होती. जाहिरातीचा प्रिंटआउट मी चकलीच्या डब्याखाली ठेवला आणि बॅग बंद केली. नवरा म्हणाला, मुलांना त्यांचं जगू द्यावं. सुनीलला असं बोलायला काय जातं?

जाणाऱ्यांसाठी थोडं कामाचं. शेंगेन व्हिसा आयर्लंडला चालत नाही. भारतीय पासपोर्ट असेल तर, तुम्ही सिंगापूरचे पीआर, म्हणजे कायमचे रहिवासी, असलात तरी, तिथला व्हिसा वेगळा काढावा लागतो, तेव्हा हाताशी भरपूर दिवस ठेवा. थेट विमान नाही, मी दोहामार्गे गेले. डब्लिन विमानतळापासून मेयो गाडीने साडेतीन-चार तास. तिथेही आपल्यासारखंच डावीकडून चालवतात. भाड्याची गाडी ऑटोमॅटिक हवी असेल तर बुकिंग करतानाच सांगा, नाहीतर गिअरवाली गळ्यात पडते. मला घ्यायला इरा आली होती, तिच्या इवल्याशा लाल गाडीतून.

मोटारवे संपला की रस्ता अरुंद होत जातो आणि शेवटी मधोमध गवत उगवलेली वाट उरते. समोरून येणारा प्रत्येक जण स्टिअरिंगवरून एक बोट उचलतो. इराही उचलत होती. याला ओळखतेस का, विचारलं तर नाही म्हणाली, पण बोट उचलायचं असतं. चौथ्या गाडीला मीही उचललं. मग कळलं, हा मान ड्रायव्हरचा, शेजारी बसलेल्याने गप्प बसायचं. गावाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. तिथे सगळे सगळ्यांना ओळखतात, आणि इराने बजावलंय.

दुसऱ्या दिवशी आम्ही अ‍ॅकिल बेटावर गेलो. पूल आहे, बोट लागत नाही. मेंढ्यांच्या पाठीवर निळे-लाल रंग फासलेले, कुणाची कुठली ते कळावं म्हणून. शाकाहाऱ्यांनी घाबरू नये, जिथे जाल तिथे भाज्यांचं सूप आणि जाडजूड ब्राउन ब्रेड मिळतो, आठ-नऊ युरोत पोट भरतं. मे महिना असून वारा असा की माझी ओढणी दोनदा मेंढ्यांच्या दिशेने पळाली. इरा समुद्राकडे तोंड करून उभी होती. शाळेतून येऊन सोफ्यावर उताणी पडायची ती मुलगी मला तिच्यात सापडेना, आणि फार आठवण आली. समोर उभ्या माणसाची आठवण येते, हे मला तोवर माहीत नव्हतं. जाहिरातीचा विषय काढणारच होते.

“आई, डोन्ट स्टार्ट ला,” माझ्याकडे न बघताच ती म्हणाली. वाक्याशेवटचा सिंगापुरी ‘ला’ तेवढा सुटला नव्हता.

तिसऱ्या दिवशी सकाळी फोन आला. टॉम नावाचे शेतकरी आजोबा गेले होते. खुब्याचं हाड मोडल्यावर इरा वर्षभर त्यांच्या घरी जाऊन त्यांना चालायला शिकवत होती. दुपारी त्यांच्याकडे जायचं ठरलं. मी पांढरा कुर्ता घातला, बाकी सगळे काळ्यात. तिथे पार्थिव बैठकीच्या खोलीत उघड्या पेटीत ठेवतात, आख्खं गाव रांगेने येतं, घरच्यांचे हात हातात घेतं. इथवर मला जमलं. मग सगळे स्वयंपाकघरात गेले, आणि टॉमच्या बायकोने, ब्रायडीने, चहा आणि सँडविचची थाळी माझ्यापुढे धरली.

गेलेल्याच्या घरी आपण पाण्याचा घोटही घेत नाही. मी हात जोडून नको म्हटलं. तिने पुन्हा आग्रह केला, मी पुन्हा नको. तिसऱ्यांदा तिचा चेहरा उतरला आणि आजूबाजूचं बोलणं थांबलं. इरा सिंकपाशी कप विसळत होती, कुठला कप कुठल्या फळीवर जातो हे न विचारता. हात पुसत ती आली आणि ब्रायडीला म्हणाली, आमच्याकडे या दिवशी घरच्यांनी कुणाला खायला घालायचं नसतं, शेजारी त्यांच्यासाठी जेवण घेऊन येतात.

ब्रायडीने थाळी खाली ठेवली. “मग मी जरा बसते,” ती म्हणाली. सकाळपासून ती उभीच होती.

मी उठले, तिच्यासाठी चहा ओतला, दूध घातलं, सँडविच बशीत ठेवलं. तिने खाल्लं. थोड्या वेळाने माझा हात धरून म्हणाली, “तुमची मुलगी आम्हाला मिळाली, आमचं नशीब. पण तुम्हाला ती किती लांब पडते.” मग मात्र तिने दिलेला चहा मी घेतला. गेलेल्याच्या घरी, उभ्या आयुष्यात पहिल्यांदाच.

परतताना गाडीत मी विचारून टाकलं. इराने गाडी वाटेच्या कडेला घेतली.

“आई, मला इथेच राहायचंय. तुझ्यापासून लांब जायचं म्हणून नाही. मला इथे आवडतं.”

मी बरं म्हटलं. घरी पोचल्यावर मी आंघोळीला निघाले, तर पाणी कढत होतं. तिथे ते तास-दीड तास आधी तापवत ठेवावं लागतं. निघतानाच तिने बटण लावलं होतं. आल्या आल्या मी डोक्यावरून आंघोळ करणार, हे तिला माहीत होतं. शॉवरखाली मी मनसोक्त रडले. प्रिंटआउट परत निघताना तिच्या कागदांच्या रद्दीत टाकून आले.

तुम्ही जाणार असाल तर अवश्य जा. आठवडाभर ठेवा, रेनकोट न्या, छत्री वाऱ्यात टिकत नाही. माझ्याजवळ काय उरलं म्हणाल, तर कपाटं न शोधता कप लावणारी माझी मुलगी. ती सुखात आहे, आणि मला ती हवी आहे. या दोन्हींची सांगड अजून मला घालता आलेली नाही.

सिंगापुरात, पुंगोलला घरी आले तर इराच्या खोलीतली ट्रेडमिल बाहेर, कपाट रिकामं, खिडकीला नवे पडदे. सुनील दारात उभा होता.

“येत नाहीये ती,” मी म्हणाले.

तो पडद्याची चुणी सारखी करत राहिला. मग म्हणाला, “सुट्टीला आली की लागतीलच ना.”