अपरिचित उताऱ्याचा तास

पालघरचं कॉलेज नवं होतं, त्याला स्वतःची इमारत नव्हती. सकाळी एका शाळेच्या दोन खोल्यांत वर्ग भरायचे आणि मी बी.ए.च्या पहिल्या वर्षाला मराठी साहित्य शिकवायचे. माझी मुलं धडाधड वाचायची. काय वाचलं असं विचारलं की छताकडे बघायची. तारापूरला वीजघराचं बांधकाम जोरात होतं, अर्ध्यांचं लक्ष तिथल्या नोकरीवर. परीक्षेत न शिकवलेला एक उतारा यायचा, त्यासाठी मी फळ्यावर क्रम लिहून दिला : आधी प्रश्न वाचा, मग उतारा, उत्तराची ओळ सापडली की खूण करा, ओठ मिटलेले ठेवा. हळूहळू सगळ्यांना जमलं. एकीला सोडून.

ती नवापूरची, मच्छीमार घरातली. मोठ्यानेच वाचायची. गप्प वाच म्हटलं की ओठ हलायचे. ते थांबवले की तिला काही म्हणजे काही कळायचं नाही. घरी ओट्यावर आळीतल्या बायका जमत. श्रावणात पोथी, एरवी हाताला लागेल ते, ती त्यांना वाचून दाखवी. वाचणं तिला तेवढंच ठाऊक होतं.

सहामाहीत ती नापास झाली, तेव्हा तिचे वडील मला भेटायला आले.

"वार्षिकला पास झाली तर शिकंल. नाय झाली तर आयसंगती चिंचणीच्या बाजारात."

"तिला वाचता येतं हो," मी म्हणाले.

"मंग नापास का झाली?"

दुसऱ्या दिवशी ओठ हलू नयेत म्हणून मी तिला दातांत पेन्सिल धरून वाचायला बसवलं.

"बाई, मासा गळाला लागला!" मागून एक मुलगा ओरडला.

तिने पेन्सिल काढली. "गप रे मेल्या, तुजं तोंड कवा बंद असतं?"

वर्ग हसला. मी कंटाळून तिला म्हटलं, वाच बाई मोठ्याने. तिने त्या दिवशीचा सासू-सुनेच्या भांडणाचा उतारा वाचला आणि थांबून म्हणाली, "ही सून खोटं बोलते, बाई." वर्गातल्या कुणालाच ते दिसलं नव्हतं. मग मी हिला नक्की काय शिकवत होते? तरी पेन्सिल पुन्हा तिच्या दातांत दिली. परीक्षा तर मुकाट्यानेच द्यायची होती.

ती पास झाली, उताऱ्यात चांगल्या मार्कांनी. पुढच्या वर्षासाठी नाव घालायला आली, तेव्हा मी विचारलं, "उतारा कसा जमला?"

"वाचलाच नाय. तुमी सांगितलं तसं प्रश्न बघितले, ओळी शोधल्या, लिवल्या."

"मग त्यात होतं काय?"

"तवा नाय कळलं. घरी जाऊन वाचला ना, ओट्यावर. एक विधवा बाई घराला कुलूप घालते, चावी शेजारणीला देते. तितंच संपला. बायका रोज माज्या मागं लागतात, पुढं काय झालं म्हून. सांगा ना."

पेपर मी काढला नव्हता आणि उताऱ्याखाली पुस्तकाचं नाव नव्हतं.

"परीक्षेचा उतारा तेवढाच असतो," मी म्हणाले.

"असा कसा तेवढाच? ती बाई अजून दारातच उभी हाय."