‘नाही’ म्हणणारी सुजाताताई

ताई गेल्याचं मला एका अनोळखी बाईनं सांगितलं. मी हिंगण्याला कंपनीत होतो, पहिली पाळी सुटायला आली होती. फोनवर ताईचं नाव दिसलं म्हणून मशीनच्या आवाजातून बाहेर येऊन उचलला, तर पलीकडे भलताच आवाज. “भाऊ, मॅडम उठूनच नाही राहिल्या... आम्ही बाहेर बसलो होतो, आमच्या पोरीचा नंबर होता. हाका मारल्या तं बोलल्याच नाहीत. शेवटचा फोन तुम्हाले लावला होता त्यायनं, म्हणून तुम्हालेच लावला.” मी नागपुरात रामदासपेठेतल्या तिच्या दवाखान्यात पोचेपर्यंत वरच्या मजल्यावरच्या डॉक्टरांनी तपासून मान हलवली होती. हृदयविकाराचा झटका. ताई खुर्चीतच होती, चष्मा कपाळावर सरकवलेला, जणू पुढच्या लेकराला आत बोलावता बोलावता क्षणभर डोळे मिटले असावेत. ‘जळजळ होते वं छातीत,’ असं ती आईला बरेच दिवस सांगत होती, आणि आई तिला जिऱ्याचं पाणी करून देत होती. ते जिऱ्याचं पाणी आता आईच्या डोक्यातून जात नाही.

महिना उलटून गेला. घरी येणाऱ्यांची वर्दळ थांबली. पण आलेल्यांपैकी निम्म्यांना ताई नेमकं काय करत होती हे ठाऊक नव्हतं. कोणी म्हणे डोळ्यांची डॉक्टर, कोणी म्हणे मालिश करते. आमच्या आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हापासून घरात एकच धोशा होता, शिका. ताई शिकली, फिजिओथेरपिस्ट झाली, तरी वस्तीतल्या बाया गुडघे धरूनच तिच्याकडे यायच्या. तिनंही बरीच वर्षं गुडघे आणि कंबरा सांभाळल्या. मग कधीतरी चक्कर येणाऱ्या म्हाताऱ्यांकडे वळली, आणि तिथून लहान मुलांकडे. डोक्याला मार लागलेली मुलं. गाडीवरून पडलेली, झुल्यावरून पडलेली, मैदानावर एकमेकांवर आदळलेली. स्कॅन साफ येतो, डॉक्टर घरी पाठवतात, आणि आठवड्याभरानं शाळेतून तक्रार येते की पोरगं वाचत नाही, वर्गात डोकं खाली घालून बसतं, जिना उतरताना कठड्याला चिकटतं. घरचे म्हणतात, नाटक करतं. ‘नाटक’ हा शब्द ताईच्या खोलीत काढलेला चालत नसे. “हाड मोडलं तं एक्सरेत दिसते,” ती मला म्हणायची. “हे कुठंच दिसत नाही गा. लेकराच्या डोळ्यातच पाहावं लागते.”

एकदा मीच तिच्यापुढे बसलो होतो, सगळं करून पाहायला. डोकं न हलवता तिच्या बोटामागं फक्त डोळे फिरवायचे. मग दोन बोटांमध्ये नजर उड्या मारत न्यायची. मग आपल्याच अंगठ्यावर डोळे खिळवून मान डावी-उजवी करायची. ती बोट हळूहळू नाकाकडे आणायची आणि एकाची दोन बोटं कधी दिसतात ते विचारायची. शेवटी एका पावलापुढे दुसरं पाऊल ठेवून, डोळे मिटून, स्पंजच्या गादीवर उभं राहायचं. मधे मधे एकच विचारणा, डोकं दुखते का, गरगरते का, मळमळते का. मला खेळ वाटला. “तुले खेळ वाटते,” ती म्हणाली, “मार लागलेलं लेकरू दुसऱ्याच फेरीत ओकते.”

रोशनी तिच्याकडे आली ती अशीच. नागपूरजवळच्या खाप्याची पोरगी, नववीतली, कबड्डीत चढाई करणारी. वडील देवराव, दुसऱ्याच्या संत्र्याच्या बागेत राखणीला. शाळेच्या मैदानावर पकड होताना समोरचीचा गुडघा हिच्या कानामागं बसला. बेशुद्ध झाली नाही, उठून पुन्हा खेळलीसुद्धा. पण त्यानंतर पुस्तकातल्या ओळी एकमेकींवर चढायला लागल्या, आणि घरी पाण्याची कळशी उचलताना ती भिंतीला धडकायला लागली. देवरावांनी आधी रागावून पाहिलं, मग एक-दोनदा हातही उचलला. ताईनं तपासलं आणि बापाला सांगितलं, डोळे आणि तोल जागेवर येईस्तोवर मैदानाचं नाव नाही. देवराव म्हणाले, “पन मॅडम, स्कॅन तं साफ हाये तिचा.” ताई म्हणाली, “स्कॅन साफ आहे भाऊ, पोरगी साफ नाही.”

त्या पोरीवर ताईचा जीव बसला. दर आठवड्याला बाप-लेक बसनं यायची. ताई तिला डोळ्यांचे व्यायाम देई आणि तिच्याशी भांडेही, कारण रोशनीला एकच घाई होती. जिल्ह्याच्या संघाची निवड तोंडावर आली होती. तिथं नाव लागलं तर क्रीडा वसतिगृह, पुढं पोलीस भरतीत खेळाडूंची जागा... हा सगळा हिशेब तिला पाठ होता. बापालाही. एका संध्याकाळी ताई घरी आली ती हसतच. “आज रोशनी खोटं बोलली माझ्यापाशी,” ती आईला म्हणाली. “डोळ्यातून पानी येऊन राहिलं, कुर्त्याचं टोक मुठीत धरून राहिली, आन् मले म्हणते, काहीच नाही होत मॅडम, एकदम फस्क्लास! काय हिंमत आहे वं पोरीत.” आई म्हणाली, “मग खेळू दे न तिले.” ताईचं हसू तिथंच थांबलं. “नाही. खोटं चांगलं बोलते म्हणून डोकं चांगलं नाही होत.”

तिनं परवानगी दिली नाही. शाळेच्या सरांनी दुसरीकडून ‘फिट’ असल्याचा कागद आणला. कुठून, ते कधी कळलं नाही आणि विचारून उपयोगही नव्हता. निवडीच्या सामन्यात रोशनी पडली ती अगदी साधीच, म्हणतात. कोणी जोरानं आदळलं नाही. उठली, रेषेपर्यंत चालत गेली आणि तिथं खाली बसली. नागपूरला आणेपर्यंत ती कोणाला ओळखत नव्हती. पहिला मार भरून आलेला नसताना दुसरा बसला की मेंदू असा सुजतो, हे ताईनं मला अतिदक्षता विभागाच्या बाहेरच्या बाकावर बसून सांगितलं, अगदी शांत आवाजात, एखाद्या विद्यार्थ्याला सांगावं तसं. पोरगी शुद्धीवर न येताच गेली. ताई आत गेली तेव्हा सवयीनं तिनं पोरीच्या पापण्या उघडून पाहिल्या होत्या. काय दिसलं ते तिनं मला कधी सांगितलं नाही.

आम्ही दोघं खाप्याला गेलो. ताईला वाटत होतं, देवराव ओरडतील, निदान एखादा शब्द टाकून बोलतील. त्यांनी बायकोला चहा मांडायला सांगितला. “मॅडम, तुमी तं नाही म्हनलं होतं,” ते म्हणाले. “आमीच नाही आयकलं.” त्यांची बायको चुलीपुढून उठली नाही. चहा आला, तो ताईनं घेतलाही. परतीच्या रस्त्यात कन्हानचा पूल ओलांडल्यावर ती एकदम म्हणाली, “मी नाही म्हणलं गा. पण पोरीले भेव वाटंल असं नाही म्हणलं. तिचं खोटं मले आवडलं होतं... ते तिले दिसलं असंल.” मी काहीतरी समजुतीचं बोललो. तिनं काच खाली केली आणि बाहेर पाहत बसली.

त्यानंतरची ताई वेगळी होती. ती चांगली झाली, धीराची झाली, असं लिहायला मला आवडलं असतं. तसं झालं नाही. ती कडवट झाली. प्रत्येक खेळणाऱ्या पोराला ती रोशनीची गोष्ट सांगायची, काही वगळायची नाही, आणि पोरं रडत बाहेर यायची. आईबाप चिडायचे, ‘लेकराले घाबरवते ही बाई’ म्हणून दुसरीकडे जायचे. रविवारी ती शाळांच्या मैदानांवर जाऊन कडेला बसायची. कोणी पडलं की न बोलावता आत घुसायची, सामना थांबवायची. एका सरांनी तिला तोंडावर पनवती म्हटलं. घरी येऊन तिनं ते जेवताना सांगितलं आणि भाकरी मोडत राहिली. मी म्हणालो, “काहून जातं तिथं? तुझं काय काम?” ती म्हणाली, “मग कोणाचं आहे ते सांग, मी त्याले पाठवतो.” ती लहानपणापासून माझ्याशी बोलताना मधेच ‘पाठवतो’, ‘जातो’ असं बोलायची. किती मुलं तिनं वाचवली ते मोजता येत नाही, कारण जे घडलंच नाही ते दाखवायचं कसं? आणि ती स्वतः एकीचंच मोजत होती.

ताईच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी देवराव आले होते. पांढऱ्या कपड्यांत, सगळ्यांच्या मागं बसून होते. वंदना संपल्यावर माझ्याजवळ आले. “भाऊ, मले मॅडमची ते खोली पाहाची होती एकडाव.” मी म्हणालो, “तुम्ही तर ती कितीदा पाहिली असेल.” “नाही,” ते म्हणाले. “मी बाहीरच बसो. मॅडम म्हने, बाप समोर असला का लेकरू खरं नाही बोलत.”

खोली मालकाला परत द्यायची होती. रंगारी सकाळपासून येऊन बसला होता. मी त्यांना घेऊन गेलो. टेबल, गादी, खुर्च्या आधीच गेल्या होत्या. उरली होती ती समोरची भिंत, आणि तिच्यावर टिकल्या. बायका कपाळाला लावतात त्या लाल, तपकिरी, एक हिरवी. काही माझ्या कमरेच्या उंचीवर, काही छातीशी, काही त्याच्याही वर. मुलाला भिंतीपुढं उभं करून नेमकी त्याच्या डोळ्यांसमोर ताई एक टिकली चिकटवायची, तिच्यावर नजर खिळवून मान हलवायला. आणि चिकटवलेली कधी काढायची नाही. देवरावांनी विचारलं, “आमच्या पोरीची कोनती?” मला माहीत नव्हतं. ते सांगू शकणारं कोणीच उरलं नव्हतं.

त्यांनी हात खांद्याच्या थोडा खाली धरला. “येवढी होती,” म्हणाले. मग भिंतीजवळ जाऊन गुडघे वाकवत वाकवत खाली आले, तिच्या उंचीपर्यंत, आणि डोळ्यांसमोर आलेल्या एका लाल टिकलीकडे पाहत मान हळूहळू डावीकडे नेली, उजवीकडे नेली. “घरी आरशापुढं असंच करे,” ते म्हणाले. “मले वाटे, सोताले पाहून राहिली.”

रंगारी दारात येऊन उभा राहिला होता. मी त्याला उद्या यायला सांगितलं.