छानकाका आणि हलकी पेल एल

आमच्या थोरल्या काकांना सगळे छानकाका म्हणायचे, आणि त्यात त्यांना काही वावगंही वाटायचं नाही. त्यांचं सगळं आयुष्य चष्म्याच्या दुकानात फ्रेमा दाखवण्यात गेलं. गिऱ्हाईक फ्रेम चढवायचं, आरशात बघायचं, आणि मान वळवून विचारायचं, "कशी दिसते?" काका एक पाऊल मागे सरत, मान जरा कलती करत आणि म्हणत, "छान!" एखाद्याला फ्रेम अगदीच शोभत नसेल तरी "ही शोभत नाही" हे वाक्य त्यांच्या तोंडून फुटायचं नाही. "ही छानच आहे, पण ही पण एकदा घालून बघा," असं म्हणत ते दुसरी पुढे सरकवायचे.

दुकानातली सवय घरी आली. भाजी करपली तरी छान, माझं नाटकातलं काम पडलं तरी छान, शेजाऱ्याने जिन्याला मारलेला हिरवाकच्च रंगही छान. काकू घरीच पडदे शिवायची आणि तिच्या जिभेला कात्रीसारखीच धार होती. ती म्हणायची, "तुमचं 'छान' म्हणजे दारावरची घंटा. कोणीही दाबावी, वाजणार!"

काका निवृत्त झाले त्याच सुमारास त्यांच्या जावयाने बिअर करायला घेतली. जावई पाण्याचे पंप दुरुस्त करायचा. बंद पडलेल्या एका लाँड्रीच्या मागच्या खोल्या त्याने भाड्याने घेतल्या, जुन्या टाक्या घासूनपुसून लख्ख केल्या आणि संध्याकाळी तिथे रमू लागला. त्याला काळी, जड बिअर करायची नव्हती. त्याला हवी होती हलकी पेल एल, पिवळसर सोनेरी, कमी नशेची, उन्हातून आल्यावर ग्लासभर घ्यावी आणि पुन्हा कामाला लागावं अशी. "बाबा, ही दिसते साधी, पण हिच्यात काही लपत नाही," तो काकांना म्हणायचा. "काळ्या बिअरमध्ये चूक झाली तर भाजक्या वासाखाली दडपते. हिच्यात सगळं उघड्यावर."

पहिली बाटली सासऱ्यासाठी आली. काकांनी घोट घेतला आणि म्हणाले, "छान!" दुसऱ्या खेपेच्या बाटलीला म्हणाले, "वा, छान!" तिसऱ्या खेपेला ग्लास नाकाशी नेताच त्यांना सिनेमा थिएटरच्या बाहेरचा वास आला, गरम लोण्यातल्या लाह्यांचा. बिअरला असा वास असावा की नसावा, हे त्यांना ठाऊक नव्हतं. पण आपल्याला हे आवडलेलं नाही, एवढं मात्र पक्कं ठाऊक होतं. समोर जावई डोळे मोठे करून बसलेला. जावयाची भीड पडली. काका म्हणाले, "छान! काहीतरी वेगळीच!"

जावई हरभऱ्याच्या झाडावर चढला. त्याने तीच बिअर गावात दरवर्षी भरणाऱ्या बिअरच्या स्पर्धेला पाठवली. निकालात ती तळाला होती, आणि परीक्षकांचा शेरा एका ओळीचा: लोण्याचा वास, घाईने काढलेली.

तो रविवारी आला तेव्हा चिडलेला नव्हता. चिडला असता तर काकांना बरं वाटलं असतं. त्याने टेबलावर हात ठेवले आणि विचारलं, "बाबा, तुम्हाला तो वास आला नव्हता?"

काका टेबलावरच्या फडक्याच्या घड्या घालू लागले. शेवटी आमची ताई, म्हणजे त्यांची मुलगी आणि जावयाची बायको, म्हणाली, "आला होता. बाबांचं नाक मला माहीत आहे. लहानपणी मी गुपचूप चॉकलेट खाल्लं तर दारातून आल्या आल्या ओळखायचे."

"आला होता," काका हळूच म्हणाले. "वाईट कशाला वाटू द्यायचं, म्हणून बोललो नाही."

"मग आता वाईट वाटलं नाही का मला?" जावई म्हणाला, आणि उठून गेला.

पुढचे काही दिवस काकांचं कशात लक्ष लागेना. मग एका शनिवारी इस्त्रीचा शर्ट घालून, दुकानात जाताना लावायचे ते अत्तर लावून ते घराबाहेर पडले. सायकलच्या दुकानावरच्या माडीवर बिअर चाखायचा वर्ग चालतो, असं त्यांना कळलं होतं. वर्ग घेणाऱ्या मॅडम पूर्वी दूध डेअरीच्या तपासणी खोलीत होत्या. त्यांनी दारातच हवा हुंगली आणि म्हणाल्या, "काका, आधी गळा आणि मनगटं साबणाने धुऊन या. तुमच्या अत्तरापुढे माझ्या बिअरचं काय चालणार?"

काका धुऊन आले, ओल्या कॉलरनिशी मागच्या बाकावर बसले. समोर छोटे ग्लास. मॅडमनी चांगल्या पेल एलमध्ये मुद्दाम एकेक खोट मिसळून ठेवली होती. कशाला कच्च्या हिरव्या सफरचंदाचा वास, कशाला भिजलेल्या पुठ्ठ्याचा. एकेकाने चाखून सांगायचं. काकांची पाळी आली. त्यांनी पुठ्ठ्याचा ग्लास हुंगला, घोट घेतला, आणि सवय ती सवय, तोंडातून निघून गेलं, "छान!"

सगळा वर्ग हसला. काकाही हसले, पण कान लाल झाले.

"छान म्हणजे काय?" मॅडमनी विचारलं.

"म्हणजे... चांगली."

"चांगली म्हणजे कशी? लिंबाच्या सालीसारखी? गवतासारखी? काकडीसारखी? तुम्ही चष्म्याच्या दुकानात होतात ना? 'मला एक छान फ्रेम द्या' असं गिऱ्हाईक म्हणालं, तर तुम्ही काय काढाल?"

"मी विचारेन, गोल की चौकोनी, जाड की बारीक."

"झालं तर! तेच विचारा ग्लासला."

काका दर शनिवारी जाऊ लागले. पहिले कित्येक शनिवार त्यांच्या नाकी नऊ आले. वास यायचा, पण त्याला नाव सापडायचं नाही. वाण्याच्या दुकानात, माळ्याच्या गाडीपाशी, कागदाच्या गोदामात ते उभे राहून हुंगायचे. भाजीवाल्या बाईने एकदा विचारलंही, "काका, कोथिंबीर घ्यायचीय की नुसतं हवा खायला आलात?" मॅडमनी सांगितलेला क्रम मात्र त्यांनी घोकून पाठ केला. ओतल्याबरोबर आधी वास, कारण तो उडून जातो. मग रंग आणि फेस. मग घोट, आणि तो गिळायचाच, थुंकायचा नाही, कारण कडूपणा कळतो घशाशी. दोन ग्लासांच्या मध्ये कोरा पाव आणि पाणी. आणि बोलताना आधी जे जमलंय ते सांगायचं, मग जे बिघडलंय ते, आणि शक्य तर ते कसं सुधारेल ते.

नाकाला शब्द सापडले तसे ते जिभेवर येऊन बसले, आणि मग ती कुठेही थांबेना. शेजाऱ्याने जिन्याच्या रंगाबद्दल विचारलं, तर काका म्हणाले, "भिंत नीट घासून घेतलीत, हात सफाईचा आहे. रंग मात्र औषधाच्या बाटलीसारखा." शेजारी दोन दिवस बोलला नाही. काकूने गंमत म्हणून विचारलं, "आणि माझा चष्मा?" तो काकांनीच निवडलेला होता.

काका एक पाऊल मागे सरले. "काच बरोबर आहे. फ्रेम अरुंद आहे तुला. पहिल्यापासूनच अरुंद होती."

"अहो, मग इतकी वर्षं?"

"तुला आवडली होती ती."

काकूच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. संध्याकाळपर्यंत तिचं शिवणयंत्र जरा जास्तच जोरात चाललं. पण दुसऱ्या दिवशी ती स्वतःच काकांना ओढत चष्म्याच्या दुकानात घेऊन गेली, आणि नवी फ्रेम घालून आल्यावर साऱ्या इमारतीला तोंड दाखवून आली.

जावयाचा अबोला तोवर विरला होता, पण बाटली काही तो आणत नव्हता. एका दुपारी काका आपणच लाँड्रीत गेले. जावई टाकीच्या नळाखाली वाकला होता.

"जावईबापू, नवीन काही असेल तर द्या. या खेपेला खरं सांगतो."

जावयाने हात पुसले. टाकीतून ग्लासभर काढली आणि समोर ठेवली. काकांनी हुंगली. पुन्हा हुंगली. घोट घेतला, डोळे मिटले.

"लोणी गेलंय," काका म्हणाले. "वास सुरेख आहे, लिंबाची साल आणि ताजं कापलेलं गवत. पण घोट घेतला की मध्येच पाणी होतं. पुढे काही हातीच लागत नाही. आणि शेवटी कडूपणा तेवढा उरतो, सगळे पाहुणे उठून गेल्यावर एकच जण बसून राहावा तसा."

जावयाचा चेहरा उतरला. काकांना वाटलं, आता हा पुन्हा उठून जाणार! पण जावयाने त्यांच्या हातातला ग्लास घेतला, स्वतः घोट घेतला आणि एकदम हसला.

"बसून राहिलेला पाहुणा! अगदी बरोबर, बाबा. मला इतके दिवस कळत होतं काहीतरी खटकतंय, पण काय ते सापडत नव्हतं."

मग तो भराभर बोलू लागला. पाणचटपणा जाऊन जरा दाटपणा यावा म्हणून जवाबरोबर थोडे ओट्स घालायचे. हॉप्स, म्हणजे कडूपणा आणि सुगंध देणारी ती सुकी फुलं, सुरुवातीच्या उकळीत कमी टाकायची आणि शेवटी जास्त. काकांना निम्मं कळलं, पण ते पिंपावर बसून ऐकत राहिले. त्या दिवसापासून लाँड्रीतलं ते पिंप त्यांचंच झालं. खेपेमागून खेप झाली. कधी फेस पटकन बसायचा, कधी हॉप्स इतकी चढायची की साबण चाखल्यासारखं वाटायचं. काका सांगायचे, जावई डोकं खाजवायचा, दोघं वाद घालायचे. आणि एका खेपेला काका काहीच बोलले नाहीत. ग्लास संपवला, उठले, आणि न विचारता नळाखाली पुन्हा धरला. जावयाने तेवढ्यात धावत जाऊन ताईला फोन केला.

स्पर्धेचे दिवस आले तेव्हा मॅडमनी काकांना हलक्या पेल एलच्या टेबलावर परीक्षक म्हणून बसायला सांगितलं. काका हरखले, आणि लगेच हिरमुसले. ज्या टेबलावर नातेवाइकाची बिअर, तिथे बसता येत नाही असा नियम होता. काका मॅडमना नाही म्हणून सांगणार, तेवढ्यात जावयाने आपलं नाव मागे घेतलं.

"हे काय भलतंच!" काका म्हणाले. "एवढी जमली आहे तर द्या ना पाठवून. मी बसेन पुढच्या वर्षी."

"माझी बिअर पुढच्या वर्षीही जमेल. तुम्हाला बघायचंय मला तिथे बसलेलं."

काकांनी नुसतीच मान हलवली आणि रुमाल शोधला.

स्पर्धा क्रीडागृहात होती. टेबलावर मॅडम, एक बेकरीवाला आणि काका. ग्लासांवर नुसते क्रमांक. बेकरीवाला आणि मॅडम यांना एक झणझणीत सुगंधाची बिअर पहिली वाटली. काकांना दुसरीच एक आवडली होती, शांत, नीटस, कुठेही आरडाओरडा न करणारी. पूर्वीचे काका असते तर तिथेच मान डोलावून मोकळे झाले असते.

"थोडं गरम होऊ द्या दोन्ही ग्लासांना," ते म्हणाले. "मग पुन्हा चाखू."

थांबले, चाखल्या. गरम झाल्यावर झणझणीत बिअर कडवट, खरखरीत लागायला लागली, शांतवाली तशीच राहिली. बेकरीवाला काकांच्या बाजूला आला. मॅडम काही हटल्या नाहीत. बराच वेळ खल झाला, आणि अखेर दोघींना बरोबरीने पहिलं दिलं. मॅडम म्हणाल्या, "काका, तुम्ही चांगले भांडता की!" काकांचा चेहरा असा उजळला, की जणू बक्षीस त्यांनाच मिळालं होतं.

निकालानंतर हॉल रिकामा होत होता, आणि निकाल ऐकायला आलेले आम्ही घरचे सगळे काकांभोवती उभे होतो. एक तरुण नर्स हातात शेऱ्याचा कागद घेऊन तरातरा आली. "हे कोणी लिहिलंय? जळक्या रबराचा वास म्हणे! माझ्या बिअरला?"

"मी लिहिलंय," काका म्हणाले. "त्याच्या आधी लिहिलंय तेही वाचलंत का? तुमचा कडूपणा सगळ्यांत गोड होता."

ती जरा निवळली. "पण रबर कुठून आलं?"

"बाटल्या कुठे ठेवल्या होत्या?"

"खिडकीत. पांढऱ्या काचेच्या आहेत. ऊन पडलं की काय सुंदर दिसतात!"

मागे उभ्या असलेल्या जावयाने कपाळावर हात मारला. "अहो, ऊन लागलं की हॉप्स बिघडतात. तपकिरी बाटली घ्या, नाहीतर अंधारात ठेवा."

तिने शेऱ्याचा कागद पुन्हा एकदा वाचला. मग तिचे डोळे चमकले. "खिडकीत मावल्या नाहीत त्या पलंगाखाली आहेत! मी इथे मागच्याच गल्लीत राहते."

काका, काकू, जावई, ताई आणि मी, अशी वरात तिच्या मागोमाग तिसऱ्या मजल्यावर चढली. ती पलंगाखाली शिरली आणि धुळीने माखलेली बाटली घेऊन बाहेर आली. ग्लास पुरेनात म्हणून चहाचे कप काढले. काकांनी हुंगलं, घोट घेतला आणि कप तिच्यापुढे धरला. "तुम्हीच सांगा आता."

तिने घोट घेतला. "रबर नाहीच!"

"नाहीच. संत्र्याची साल आहे, आणि मागून थोडा मध. ही पाठवली असती, तर आमचं भांडण तिघींवर झालं असतं."

ती हसत सुटली आणि दुसरी बाटली काढायला वाकली. काका नको नको म्हणत होते. सकाळपासून घोट घोट करून त्यांना पुरे झालं होतं. जिना उतरताना त्यांनी जावयाचा खांदा धरला आणि प्रत्येक पायरीवर थांबून त्याला सांगत राहिले, की त्या मधाचा वास नेमका कोणत्या माल्टचा, म्हणजे मोड आणून भाजलेल्या जवाचा, असेल, आणि आपण तो पुढच्या खेपेत किती घालून बघायचा.