बारवेवरचा वीरोबा

आमच्या गावात दाखवण्यासारखं काय हाय? प्रवरेकडं तोंड केलेली पडकी वेस, दगडी बारव, आन् बारवेच्या काठावर शेंदूर फासलेला वीरोबा. वेशीवर लढताना आमच्या घराण्याचा मूळपुरुष पडला, त्याचाच हा दगड, असं घरचे पुरुष मिशीला पीळ देऊन सांगायचे. बाईमाणसानं त्या ओट्यावर पाय ठेवायचा न्हाई. खालूनच हात जोडायचे.

शेंदूर चढवायचा मान माझ्या थोरल्या दिरांचा. पन तेलात खलून द्यायची ती त्यांची बायको चांगुणाबाई, माझी जाऊ. मूलबाळ न्हाई, म्हणून खाली उभी राहून त्या दगडाशीच बोलत बसायची बिचारी.

त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात, त्या मेल्या दुष्काळात, शेंदराची खोळ तडकून गळाली. अशी खोळ पडली की आतलं रूप आधी साऱ्या गावाला दाखवायचं, मगच नवा शेंदूर, ही आमची रीत. सकाळी आमी दोघी पाण्याला गेल्तो. बघतो तर कसली तलवार आन् कसलं काय! दगडावर बाईचा हात कोरलेला, मनगटभर बांगड्या.

"अगं बया! ही तर बाई हाय," म्हणून चांगुणा रडायलाच लागली. भावजींना बोलावून आणलं आन् विचारलं, "आता तरी आमाला वर चढू द्याल न्हवं?"

"व्हय," भावजी म्हणाले. "पयली ओटी तूच भर. गावाला दाखवायचं मी बघतो. तेवढा शेंदूर खलून दे, आन् जा, बायकांना घेऊन ये."

तिनं खलून दिला. ठेवणीतलं लुगडं नेसली, खण-नारळ घेतला, घरोघर जाऊन बायका गोळा केल्या. लई वर्षांनी तिला एवढी खुशीत बघत हुते मी.

आमी पोचलो तवा गाव जमलेलं, आन् दगड वरपासून खालपर्यंत लालभडक. ना हात दिसत हुता ना बांगडी.

"तलवारीचा हात हुता," भावजी सांगत हुते. "माझ्या डोळ्यांनी पायला."

"अवो, बांगड्या हुत्या!" चांगुणा म्हणाली.

"उन्हानं भोवळ आली असंल तिला," भावजी हसले. गडीमाणसं हसली, माझा नवराही हसला. माझ्या अंगाची लाही लाही झाली. "मी बी बघितल्यात!" मी वरडले. कोण ऐकतंय! बायका एकेक करून मागं सरकल्या.

चांगुणानं नारळ छातीशी धरला. उखाण्याबाहेर नवऱ्याचं नाव जिनं कधी घेतलं न्हवतं, ती साऱ्या गावासमोर म्हणाली, "कानिफनाथ, दगा दिलास तू मला."