बसून प्यायचं सूप

वुर्यानीचा, म्हणजे आमच्या वुरीचा, जन्म मोरीत झाला असं वाडीत म्हणत. अगदी मोरीत नाही. कुणाच्या तरी लग्नात तिची आई बू सारिनेम मांडवामागे वाट्या विसळत बसली होती आणि तिथेच कळा सुरू झाल्या. बू सारिनेमने समोरचा ढीग संपवला, हात पुसले आणि मग चालत सुइणीकडे गेली. कारांगसालेच्या, म्हणजे आमच्या वाडीच्या, बायका ही गोष्ट फार कौतुकाने सांगत. वुरीलाही लहानपणी ती आवडायची. मोठी झाल्यावर मात्र तिला ती ऐकली की राग यायचा. कौतुक नेमकं कुणाचं, आईचं की वाट्यांचं?

आमच्याकडे लग्नाला आलेला माणूस स्वतः उठून काही घेत नाही. तो खुर्चीवर बसतो आणि वाडीतली पोरं रांगेने ट्रे घेऊन त्याच्यापर्यंत येतात. आधी चहा आणि गोडधोड, मग सूप, मग भात, आणि शेवटी फळं घातलेला बर्फ. बर्फ आला की तो खायचा, उठायचं, नवरानवरीशी हात मिळवायचे आणि घरी जायचं. 'आता निघा' असं म्हणायचं यजमानाच्या तोंडातून मेलं तरी निघत नाही, म्हणून ते काम बर्फावर सोपवलेलं आहे.

ट्रे मुलांनी धरायचे, पांढरे शर्ट घालून, केसांना तेल लावून. मुली आणि त्यांच्या आया मांडवामागे मोरीत. या सगळ्याचे सूत्रधार पाक विग्न्यो; आमच्याकडे आईला आणि थोरल्या बाईला 'बू' म्हणतात, तसं थोरल्या पुरुषाला 'पाक'. हे निवृत्त पोस्टमन, पण मांडवाच्या दाराशी उभे राहून बोटं नाचवू लागले की एखाद्या सेनापतीला वाटावं आपण उगाच नोकरी केली. त्यांनी कित्येक वर्षांत मोरी पाहिली नव्हती. खरकटी वाटी मागे जाते आणि चकचकीत होऊन परत येते, मधे काय होतं हा त्यांच्या दृष्टीने देवाचा प्रश्न.

अशात तालुक्याला तरुणांसाठी मानवी हक्क आणि समानता यांवर शिबिर झालं. वाडीच्या युवक मंडळातून वुरी आणि सिगित गेले. सिगित जेवणाच्या सुट्टीपर्यंत झोपला आणि जेवणानंतर पुन्हा झोपला. पण दोघांना टोप्या मिळाल्या, आणि टोपी मिळाली म्हणजे काहीतरी करणं आलं. मंडळाची सभा बॅडमिंटनच्या मैदानात भरली.

"आपण आधी युद्धं थांबवू," मंडळातला बागस म्हणाला.

"कुणाची?" वुरीने विचारलं.

"ते बघावं लागेल."

बराच वेळ जगाचं काय काय करता येईल यावर चर्चा झाली. भुईमुगाच्या शेंगा संपल्या तेव्हा वुरी म्हणाली, "मोरीपासून सुरुवात करू."

"मोरीचा आणि मानवी हक्कांचा काय संबंध गं?" सिगित म्हणाला.

"तू आयुष्यात किती भांडी घासलीस?"

सिगितने प्रामाणिकपणे आठवून पाहिलं. "एक कप. तोही फुटला."

"मग तुला नाही कळायचा संबंध. मुलींनी ट्रे धरायचे, मुलांनी भांडी घासायची. आणि दाराशी मी उभी राहणार."

सिगित आणि बागसने एकमेकांकडे पाहिलं. नाही म्हणायला त्यांना कारण सापडेना, कारण टोपीवर 'समानता' लिहिलेलं होतं आणि टोपी सिगितच्याच डोक्यावर होती.

पाक विग्न्योंना हे कळलं तेव्हा ते हसून म्हणाले, "वा, वा! फार सुंदर विचार. बघू." आमच्या वाडीत कुणाच्या तोंडावर कुणी नाही म्हणत नाही. 'सुंदर विचार, बघू' म्हणाले की समजावं, प्रकरण पुरलं आणि वर केळ लावली.

पण एन्दांगचं लग्न ठरलेलं होतं आणि एन्दांग मंडळातली होती. तिने बापाला, पाक दार्तोंना सांगितलं, "ट्रे मुलींनी धरायचे, नाहीतर मी रबरी चपला घालून कचेरीत लग्न करीन." पाक दार्तोंनी तोवर सगळ्या पंचक्रोशीला आमंत्रणं दिली होती. ते हात जोडत पाक विग्न्योंकडे गेले. पाक विग्न्यो मोठ्या मनाने म्हणाले, "एकदाच. मात्र काही गडबड झाली तर मुली परत मोरीत, आणि हा विषय पुन्हा काढायचा नाही."

"चालेल," वुरी म्हणाली. एका लग्नावर वाडीतल्या सगळ्या पोरी तिने पणाला लावल्या होत्या.

मुलींनी ट्रेमध्ये विटा ठेवून मैदानाला फेऱ्या मारल्या. मुलांनी भांडी घासायचा सराव केला. सिगितने पहिल्याच दिवशी इतका साबण ओतला की फेस वाहत शेजारच्या कुंपणात गेला आणि शेजाऱ्याची बदकं संध्याकाळपर्यंत बाहेर येईनात. वुरीच्या आईने हे पाहिलं आणि साबणाची बाटली उचलून उंच फळीवर ठेवली.

लग्नाच्या दिवशी खरी पंचाईत झाली ती आयांची. स्वयंपाक झाला, मोरीत मुलं बसली, आणि बायकांना करायला काही उरलं नाही. त्यांना खुर्च्यांवर बसवलं तर त्या नुसत्या कडेला टेकल्या. शेजारच्याचा कप रिकामा झाला की बू सारिनेमचा हात आपोआप पुढे जायचा.

"बू, बसा ना!" बागस मागून ओरडला. त्याच्या कपाळावर भाताचं शीत होतं.

"बसलेच आहे रे," बू सारिनेम म्हणाली आणि अर्धी उठली.

चहा झाला. सूप आलं. मुलींची रांग अशी सरकत गेली की एक थेंब सांडला नाही. वुरी दाराशी उभी राहून बोटांनी रांगा दाखवत होती आणि तिला हसू आवरत नव्हतं. तेवढ्यात पहिल्या रांगेत बसलेल्या पाक विग्न्योंनी तिला बोलावलं.

"बाळ, ट्रे छातीपाशी हवा. ही पोर पोटापाशी धरतेय."

"बरं, पाक."

"आणि मान. मान ताठ. आमच्या वेळी…"

आमच्या वेळी काय काय होतं ते सांगायला त्यांना बराच वेळ लागला, आणि थोरल्या माणसाचं बोलणं तोडून जाण्याची पद्धत आमच्याकडे नाही. वुरी मोरीकडे पाठ करून, वाकून ऐकत राहिली.

मागे सिगित फोडलेल्या बर्फासमोर उभा होता. लादी गोणपाटात गुंडाळून ठेवायची आणि भाताची ताटं परत आली की मगच फोडायची, हे त्या मोरीतल्या कुठल्याही पोरीला झोपेतही ठाऊक. सिगितला कोण सांगणार? त्याने कामाचा उरक दाखवावा म्हणून सकाळीच सगळी लादी फोडून ठेवली होती. आता ती डोळ्यांदेखत वितळत होती.

"बागस, बर्फ मरतोय रे!"

"मग पाठव की पुढे!"

ट्रे भरले गेले. मुलींना सांगितलेलं होतं, मागून जे येईल ते घेऊन चालत राहायचं, थांबायचं नाही. त्या चालत राहिल्या. वुरीने वळून पाहिलं तेव्हा सगळ्या मांडवाच्या हातात बर्फाच्या वाट्या होत्या, आणि भात अजून चुलीवर होता.

पाहुण्यांनी बर्फाकडे पाहिलं, एकमेकांकडे पाहिलं. पोटात कावळे ओरडत होते, पण 'आम्ही अजून जेवलो नाही' असं म्हणणारा माणूस आमच्या भागात जन्मायचा आहे. त्यांनी निमूटपणे बर्फ खाल्ला, पोट भरल्यासारखे चेहरे केले आणि ते उठले. हात मिळवायची रांग लागली. एन्दांगचे वडील पांढरेफटक पडले.

परत बसा म्हणावं तर पाहुणे खादाड ठरणार. जाऊ द्यावं तर पाक दार्तोंनी गावाला उपाशी पाठवलं असं पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं जाणार. वुरीने मुलींना हाक मारली. "भाताची ताटं घ्या. नवरानवरीच्या पलीकडे उभ्या राहा. हात मिळवून झाला की त्याच हातात ताट!"

तसं झालं. प्रत्येक पाहुणा नवरदेवाचा हात सोडतो न सोडतो तोच त्याच्या हातात गरम भाताचं ताट आलं. आता यजमानाचं ताट घेऊन कुणी घरी जातं का? सगळे ताट सांभाळत परत खुर्च्यांवर आले, आणि नाइलाज म्हणून पोटभर जेवले.

जेवले, आणि बसून राहिले. बर्फ यायची वाट पाहत. बर्फ तर संपला होता. नवरीच्या डोक्यावरचा दागिन्यांचा भार कानाकडे कलंडू लागला, नवरदेवाला डुलकी लागली, पण कुणी हलेना. शेवटी सिगितने बादलीच्या तळाशी राहिलेलं गुलाबी पाणी वाट्यांत ओतलं, प्रत्येकात पपईचा एकेक तुकडा टाकला आणि मुलींनी ते फिरवलं. वाट्या दिसताच मांडव टाळी वाजावी तसा एका दमात उठला.

पाक दार्तो खूश होते. पण लग्नानंतर वाडीची सभा भरली, आणि सभेत बोलतात पाक विग्न्यो.

"पाहिलंत? मुली पुढे आल्या आणि बर्फ आधी आला."

सिगित उभा राहिला. "पाक, चूक मी केली. मी मागे होतो."

"तू मागे का होतास?"

"मुली पुढे होत्या म्हणून."

"झालं तर मग! मुलींमुळेच." पाक विग्न्योंनी हात झटकले. "पुढच्या महिन्यात माझ्या नातवाच्या सुंतेचं जेवण आहे. सगळं पूर्वीसारखं. चालेल ना?"

सगळे म्हणाले, चालेल. वुरीही म्हणाली, चालेल. घरी येऊन मात्र तिने टोपी कोपऱ्यात फेकली आणि ओक्साबोक्शी रडली. तिला बर्फाचं दुःख नव्हतं. दाराशी उभं राहून तिला एकदाच कळलं होतं की हे आपल्याला येतं, छान येतं, आणि आता ते कळूनही उपयोग नव्हता.

बू सारिनेम पानांत टेंपे, सोयाबीनच्या आंबवलेल्या वड्या, बांधत बसली होती. एक पुडी बांधून ती म्हणाली, "सूप गरम असतं गं. त्या दिवशी कळलं."

"म्हणजे?"

"इतकी वर्षं मी शिजवलं. आम्हाला मिळायचं ते सगळं आवरल्यावर, तळाचं, गार. मला वाटायचं ते तसंच पितात." ती उठली आणि शेजारणीकडे गेली. त्या महिन्यात ती बरीच शेजारणींकडे जात होती, पण वुरीचं लक्ष कुठे होतं?

सुंतेच्या जेवणाच्या दिवशी बायकांनी नेहमीप्रमाणे पहाटेपासून स्वयंपाक केला. मग एकेक जण घरी गेली. परत आल्या तेव्हा अंगात ठेवणीतल्या लांब बाह्यांच्या कबाया, केसांचे अंबाडे, ओठांवर लाली. मोरीच्या वाटेने कुणी गेलं नाही. सगळ्या पुढच्या दाराने आल्या, पाक विग्न्योंशी अदबीने हात मिळवले आणि पहिल्या दोन रांगांत बसल्या. या वेळी कुणी कडेला टेकलं नव्हतं. बू सारिनेमने वुरीला हाताला धरून शेजारी बसवलं. बाकीच्या पोरी पाहत होत्या, त्याही बसल्या.

चहा झाला. कप आणि गोडाच्या वाट्या मागे गेल्या आणि मागेच राहिल्या. वाडीकडे वाट्या तरी किती? त्याच धुतल्या की मग त्यांत सूप. सगळ्या रांगा रिकाम्या हातांनी बसून राहिल्या, समाधानी चेहऱ्याने. पाक विग्न्यो बोटं नाचवून थकले. शेवटी ते स्वतः मागे गेले आणि मांडवाएवढा उंच ढीग पाहून देवाचं नाव घेते झाले.

सिगितने ट्रे खाली ठेवला. शर्टाच्या बाह्या वर केल्या. "चला रे, आपल्याला येतं हे." मुलं मोरीत उतरली. साबण फळीवरून कुणीतरी आधीच काढून ठेवला होता. आता भांडी होती, पण ट्रे धरायला कुणी नव्हतं.

पाक विग्न्यो पहिल्या रांगेपाशी आले. बायकांनी हसून पाहिलं. त्यांनी दोनदा घसा खाकरला.

"वुरी बाळ… जरा… बघतेस का?"

"मोरीत जाऊ, पाक?"

"नाही, नाही," ते पुटपुटले. "दाराशी."

वुरी उठली. पोरी उठल्या. मागे एक हात कमी पडत होता म्हणून पाक विग्न्यो स्वतः पाटावर बसले आणि आयुष्यातली पहिली वाटी घासू लागले. ती निसटून सिगितच्या पायावर पडली.

सुपाची रांग सरकली. पहिला ट्रे वुरीने स्वतः धरला आणि पहिली वाटी आईला दिली. बू सारिनेमने एक घोट घेतला. ती आयुष्यात कधी चारचौघांत मोठ्याने बोलली नव्हती. आज सगळ्या मांडवाला ऐकू जाईल असं बोलली.

"हे कोमट आहे! इथला मुख्य कोण?"

मोरीच्या पडद्यातून पाक विग्न्यो बाहेर आले, कोपरापर्यंत फेस. त्यांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, आणि फेसाळलेलं बोट वुरीकडे केलं.

"ती. आमची वुरी. तीच मुख्य."

वुरीच्या डोळ्यांत पाणी आलं. "दुसरं आणते, बू. थोडा वेळ लागेल."

बू सारिनेमने कबायाची चुणी सरळ केली आणि खुर्चीत आरामात मागे टेकली.

"आण सावकाश," ती म्हणाली. "मी बसलेय."